कथलाचे एकतीस दिवस

कथलाचा थेंब उताराकडे गेला नाही. मुगाच्या दाण्याएवढा होता. कल्हईला काढलेल्या डेगीच्या तापलेल्या बुडावर कांडी टेकली तिथे तो सुटला, क्षणभर जागच्या जागी थरथरला आणि मग आडवा, किंचित चढावर, तीन बोटं सरकला. सरकताना त्याचा गोलवा गेला. शेवटी थेंब असा उरलाच नाही, केसाएवढी चकचकीत रेघ तेवढी उरली.

अनुपमाने ते पाहिलं. हैदरचाचांनीही पाहिलं असावं, कारण कापसाचा बोळा धरलेला त्यांचा हात वरच्या वर थांबला.

"थांब जरा," ते बायकोला म्हणाले.

चांदबीने भात्याच्या चाकाचा दांडा सोडला. कोळशाची धग फुलायची थांबली. नवसागराचा पांढरा धूर अंगणात थोडा वेळ तसाच रेंगाळला आणि पत्र्यावरून पलीकडे गेला.

"चीर हाये," हैदरचाचा म्हणाले. "थेंब पळाला म्हंजे चीर हाये."

"मागच्या साली तं नव्हती," चांदबी म्हणाली.

सांडशीने डेग भट्टीवरून उतरवून हैदरचाचांनी विटांवर उपडी घातली आणि बिडी शोधायला खिसे चाचपले.

जानेफळच्या बसथांब्यामागे अनुपमाच्या वडिलांचं, महादेवरावांचं, मंडपाचं गोदाम होतं आणि गोदामापुढे हे अंगण. लग्नसराईत इथे पाय ठेवायला जागा नसायची. खांब, कनाती, सतरंज्या आणि खुर्च्या ट्रकमधून उतरायच्या, पुन्हा चढायच्या. आता सगळं थप्पी लावून ठेवलेलं होतं. पंचांगात डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत शुक्राचा अस्त दिला होता. गावाच्या भाषेत चांदणी बुडाली होती. चांदणी बुडाली की लग्नं नाहीत, लग्नं नाहीत तर मंडप नाही, आणि मंडप नाही म्हणजे तांब्याच्या अकरा डेगी कल्हईसाठी बाहेर निघायच्या. एरवी हे काम चातुर्मासात व्हायचं. दीड-दोन वर्षांनी असा लांब अस्त आला की त्यातही व्हायचं. हैदरचाचा आणि चांदबी चाची सायकलीला भाता बांधून यायचे आणि चार दिवस अंगणात भट्टी लावायचे. लहानपणी अनुपमाला वाटायचं, भांड्यांना कल्हई लागावी म्हणूनच तो तारा मधूनमधून दिसेनासा होतो.

आता ती चौतीस वर्षांची होती, आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याच ताऱ्याच्या जमिनीचा ओंजळभर तुकडा रोज तयार करत होती.

तुकडा म्हणजे माती नव्हे, हवा. जाड पोलादी दंडगोलात कार्बन डायऑक्साइड भरायचा, त्यात चिमूटभर गंधकाचा वायू मिसळायचा, दाब पृथ्वीवरच्या हवेच्या ब्याण्णव पट करायचा आणि तापमान चारशे पासष्ट अंशांवर नेऊन सोडायचं. मग त्यात एखादी वस्तू ठेवायची आणि ती कधी हार मानते याची वाट पाहायची. शुक्रावर आजवर जी यंत्रं उतरली ती दोन तासांच्या आसपास टिकली. त्यांचं कवच लगेच फुटलं नाही. आतली यंत्रणा उष्णतेने मेली. आता माणसांना तिथे महिनोन्‌महिने बसून मोजमाप करणारी पेटी हवी होती. त्या पेटीच्या भिंतीतून तारा आत जातात, आणि धातूच्या भिंतीला चिनीमातीची नळी जिथे जोडलेली असते तो सांधा आधी सुटतो. अनुपमा गेली सात वर्षं त्या एका सांध्यावर काम करत होती.

"चाची, चहा घ्या," तिने कप पुढे केला.

चांदबी दोन्ही गुडघे धरून उठली आणि बाजेच्या कडेला टेकली. बाजेवर महादेवराव पाय लांब करून बसले होते. डिसेंबरात मंडप सोडताना ते शिडीवरून पडले होते. प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं होतं, पण घरात फिरताना हातात काठी असायची.

"काल तू सांगत होती ना मले," चांदबी म्हणाली, "का तू शुक्रावर काम करते. मी घरी जाऊन यायले इचारलं, शुक्र म्हंजे आपल्यात आभार. मंग काय पोरगी नुसत्या आभारावर काम करून राह्यली?"

महादेवराव हसले. "तितकंच समज."

"मी म्हटलं तो शुक्र नाही," हैदरचाचा बिडी पेटवत म्हणाले. "झोहरा. आपल्यात त्या ताऱ्याले झोहरा म्हनते."

"हाव? माह्या नणंदेचं नाव झोहरा."

"म्हनूनच तं गरम हाये."

चांदबीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "कितीक गरम हाये वं तिथं?"

अनुपमाने थोडा विचार केला. पुण्यात नवीन असताना एकदा चर्चेत ती 'मी मोजून राह्यली' असं बोलून गेली होती. टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी ते वाक्य तसंच्या तसं परत म्हटलं, सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून ती प्रत्येक वाक्य आधी मनात लावून मगच बोलायची. इथे अंगणात तसं लावायची गरज नसायची, तरी सवय सुटत नव्हती.

"चाचांची कथलाची कांडी आहे ना, ती तिथे जमिनीवर ठेवली तर पाण्यासारखी वाहून जाईल. भट्टी न पेटवता. शिसंसुद्धा. जस्तसुद्धा."

"मंग कोळसा वाचला," हैदरचाचा म्हणाले.

"आन् रातच्याले?"

"रात्रीही तेवढंच. तिथली रात्र दोन महिन्यांची असते, पण निवत काहीच नाही. वर ढग आहेत ते तेजाबाचे. त्याचा पाऊस पडतो, पण जमिनीपर्यंत पोचत नाही, वरच्या वर आटून जातो. आणि हवा इतकी जड की आपली मळ्यातली साठ फुटांची विहीर आहे ना, तशा पन्नास विहिरी एकीवर एक ठेवल्या आणि तळाशी माणूस उभा केला, तर जितकं पाणी त्याच्या अंगावर येईल तितका त्या हवेचा भार."

"अशा जाग्यावर जायचंच काऊन म्हंतो मी," महादेवराव म्हणाले.

"माणूस नाही जाणार, बाबा. पेटी जाईल. तिचा सांधा टिकला पाहिजे."

"माह्ये सांधे पाह्य आधी," चांदबी गुडघा चोळत म्हणाली. "तिकडच्या सांध्याचं काय घेऊन बसली."

सगळे हसले. अनुपमाही हसली, आणि तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला तिचा फोन वाजू लागला. अकरा वाजले होते. रोज अकराला प्रयोगशाळेतून तिच्या हाताखालच्या अदीबाचा फोन यायचा.

ती गोदामात गेली. कनातींच्या गठ्ठ्यांमध्ये आवाज नीट यायचा.

"मॅडम, गळाला," अदीबा म्हणाली.

"किती वाजता?"

"पहाटे चार दहाला दाब पडायला लागला. म्हणजे सहावा दिवस. पाच दिवस आणि एकोणीस तास." तिने आकडे व्यवस्थित सांगितले, रोजच्यासारखे. मग तिचा आवाज बदलला. "मॅडम, एक बोलू? मी सरांना सांगून टाकते. माझाच हात चुकतोय. तुमच्या नोंदवहीत जसं आहे तसंच मी चारही वेळा बसवलं, पण काहीतरी राहतंय. तुमचा एकतीस दिवस टिकला आणि माझे चार पाच-सहा दिवसांत गेले, म्हणजे दुसरं काय असणार? सरही तेच म्हणतात. सोमवारच्या बैठकीत माझ्याकडून ते काम काढून घेणार आहेत, मला कळलंय. मग आपणच आधी म्हटलेलं बरं, नाही का?"

"अदीबा, आज कुणाला काही सांगू नकोस."

"उद्या शनिवार आहे, मॅडम."

"आज सांगू नकोस. नमुना बाहेर काढ, फोटो घे, बांधणीची तार जपून ठेव."

"तार?"

"हो. तार."

फोन ठेवून ती कनातींना पाठ टेकून उभी राहिली.

तारेची गोष्ट एवढीच होती. पावणेदोन वर्षांपूर्वी पहिला सांधा दंडगोलात ठेवताना तो जाळीच्या बैठकीवर बांधायला तार हवी होती. पोलादी तारेचं रीळ संपलेलं होतं. फळीवर दुसरं एक रीळ होतं, त्यातली हातभर तार तिने तोडली, चार वेढे दिले आणि झाकण लावलं. नोंदवहीत तिने सांध्याची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिली, वायूंचं प्रमाण लिहिलं, तापमान चढवण्याचा वेग मिनिटाच्या हिशेबाने लिहिला आणि शेवटी लिहिलं, 'नमुना तारेने बांधला.' सांधा एकतीस दिवस टिकला. बत्तिसाव्या दिवशी दंडगोल दुसऱ्या कामासाठी रिकामा करावा लागला, नाहीतर आणखी टिकला असता असं सगळे म्हणाले. त्या एकतीस दिवसांवर तिचा निबंध छापून आला. शुक्रावर उतरवायच्या एका पेटीच्या आराखड्यात तो सांधा जसाच्या तसा घेतला गेला. एप्रिलमध्ये तिची नेमणूक कायम व्हायची होती, तीही त्याच एकतीस दिवसांच्या जोरावर.

मग प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, देवानंद सरांनी, तेच पुन्हा करून पाहायला सांगितलं. हात अदीबाचा, नोंदवही अनुपमाची. पहिला सांधा सहाव्या दिवशी गळाला, दुसरा पाचव्या, तिसरा सातव्या. दाबमापक बदलला, वायूची टाकी बदलली. शेवटी सगळ्यांची नजर अदीबाच्या हातांवर गेली. हात उत्तम होते. हे अनुपमाइतकं कुणाला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये फळी आवरताना ते दुसरं रीळ तिच्या हाती आलं. त्याच्यावरचा कागद वाचायला दोन सेकंद लागले असतील. तांब्याची तार, वरून कथलाचा मुलामा. अशी तार विजेच्या कामात सगळीकडे असते, तिच्यात वावगं काहीच नाही. पण कथील दोनशे बत्तीस अंशांना वितळतं आणि दंडगोलात चारशे पासष्ट होते. तिला सगळं एकदम कळलं असं नाही. कळू शकेल एवढंच कळलं, आणि तिने ड्रॉवर लावून टाकला. खात्री नाही, असं ती स्वतःला म्हणाली. खात्री करून घेऊ. चौथा सांधा लागला की बघू. तेवढ्यात बाबा शिडीवरून पडले आणि पंधरा दिवसांची रजा घेऊन ती जानेफळला आली. तिसाव्या दिवसापर्यंत रजा वाढवली. मग चाळिसाव्या.

वितळलेलं कथील नक्की कुठे जाईल, हा प्रश्न तिने एवढे दिवस उघडाच ठेवला होता. खाली ठिबकेल, असं उत्तर देता येत होतं. उताराने जाईल आणि जाळीतून पडेल. सांध्याशी त्याचा संबंध यायचं कारण नाही. या उत्तराच्या आधाराने तिने तीन महिने काढले होते. आज सकाळी मुगाएवढा थेंब तिच्यासमोर चढावर सरकला होता.

ती बाहेर आली तेव्हा डेग पुन्हा भट्टीवर होती. चांदबी चाक फिरवत होती आणि हैदरचाचा आतलं कथील जाड बोळ्याने पुसून काढत होते. नुसती नवी कल्हई नव्हे, मागचीही. तांब्याचा लाल रंग वर येत होता.

"सगळं काढता?" तिने विचारलं.

"काढाच लागते. झाकून काय कळते?"

डेग निवल्यावर त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि सूर्याकडे बूड करून धरली. "ये. आत तोंड घाल. पाह्य."

अनुपमाने वाकून आत डोकं घातलं. आत अंधार होता, तांब्याचा आणि नवसागराचा वास होता, आणि त्या अंधारात मधापासून थोडी डावीकडे उजेडाची एक बारीक, वाकडी रेघ होती. ती रेघ तिने बराच वेळ पाहिली.

"मागच्या सराईत या डेगीनं किती लग्नं केली?" तिने डोकं बाहेर काढून विचारलं.

"वीस-बावीस असतीन," महादेवराव बाजेवरून म्हणाले. "शेवटी त्या मेहकरच्या लग्नात भाजीचा रस्सा चुलीत सांडला. आग इझली. उतू गेलं म्हणले सगळे."

"उतू नाही गेलं, महादेवराव," हैदरचाचा म्हणाले. त्यांनी डेग खाली ठेवली. "चीर तवाही होती. बावीस लग्नं डेगीनं नाही केली. कथलानं केली. आत पाणी असते तवरोक कथील पघळत नाही, चीर धरून ठेवते. त्या दिवशी कोनं रिकामी डेग जाळावर ठेवली असन, कथील गेलं, चीर उघडी पडली. कल्हई म्याच केली होती. थेंब तवाही असाच पळाला असन. डोळ्यात मोती उतरेल हाये माह्या, मले दिसला नाही. चूक माही हाये."

महादेवरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. हैदरचाचा चाळीस वर्षांपासून त्यांचं काम करत होते.

"बरं झालं आता दिसली," ते शेवटी म्हणाले. "हिले बाजूले काढा. झाळ देऊन सांधून आणू चिखलीहून. अनू, खडूनं लिहून ठेव तिच्यावर, नाहीतं मांडवात पुन्हा कोनी उचलून नेईन."

"तुह्यं अक्षर चांगलं हाये," चांदबी म्हणाली.

अनुपमाने घरातून खडू आणि तिची पोलादी पट्टी आणली. डेगीजवळ उकिडवं बसून तिने बुडावरच्या चिरेला पट्टी लावली. एकवीस मिलिमीटर. तिने तांब्यावर लिहिलं, 'चीर, २१ मि.मी.' खाली तारीख घातली. मग लिहिलं, 'मागच्या कल्हईत दिसली नाही.'

हैदरचाचा चष्मा नाकावर ओढून वाचत होते. "कोनाच्या कल्हईत?"

"काय?"

"कोनाच्या कल्हईत दिसली नाही? नाव लिही ना. हैदरच्या. नाहीतं झाळवाला म्हनन, कोन्या दुसऱ्यानं केली."

"त्याची गरज नाही, चाचा."

"गरज काऊन नाही? बाकीच्या धा डेगीही म्याच केल्या. नाव असन तं त्याही तपासतीन."

खडूचं टोक तांब्यावर टेकलेलं राहिलं. मग तिने 'मागच्या' आणि 'कल्हईत' यांच्या मध्ये, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात 'हैदरच्या' असं लिहिलं आणि खाली काकपद काढलं, जसं नोंदवहीत राहून गेलेला शब्द घालताना काढतात.

त्या तीन ओळी तिने पुन्हा वाचल्या. एवढंच लिहायला किती जागा लागते हे तिला दिसत होतं. नोंदवहीत 'तारेने' या शब्दाच्या आधी बोटभर कोरी जागा होती. ती जागा तिला पाठ होती.

"तुही रजा पंधरा दिसाची होती ना वं?" महादेवराव म्हणाले. ते तिच्याकडे न बघता बोलत होते, काठीने जमिनीवर रेघ ओढत. "माहा पाय तं बरा झाला. मी आता जिन्यावरही चढतो. तू काऊन थांबली हायेस?"

"चांदणी बुडालीय ना," ती म्हणाली.

"ते लग्नासाठी."

"हो."

"मंग?"

तिने खडू चांदबीच्या हातात दिला आणि हात पदराला पुसले. "एक फोन करून येते, बाबा."

या वेळी ती गोदामात गेली नाही. अंगणाच्या टोकाला पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत उभी राहिली. मागे चांदबीने पुन्हा भाता सुरू केला होता. देवानंद सरांचा नंबर लावण्याआधी तिने सवयीप्रमाणे पहिलं वाक्य मनात लावलं, मग दुसरं, मग तिसरं. चौथं लागेना. तिने नंबर लावला.

"बोल अनुपमा," सर मोकळ्या आवाजात म्हणाले. "वडील कसे आहेत? बरं झालं तूच फोन केलास. अदीबाचा चौथाही गेला, ऐकलंस ना? मी सोमवारी तिला दुसऱ्या कामावर घालतो. मुलगी चांगली आहे, पण हात नाही. आराखडा मात्र थांबवायचा नाही. तुझ्या एकतीस दिवसांवर मी सोमवारी सही करतोय."

"सर, अदीबाचा हात चुकलेला नाही."

"मग कुणाचा?"

"माझा. पहिला सांधा मी कथलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेने बांधला होता. नोंदवहीत फक्त तार असं लिहिलं. अदीबाने पोलादी तार वापरली, जी कुणीही वापरेल. कथील वितळून सांध्याच्या चिरेत ओढलं गेलं असणार. तिथे त्याचं ऑक्साइड झालं, ते फुगलं आणि चीर बुजली. सांधा पाच-सहा दिवसांतच सुटला होता. पुढचे दिवस कथलाने धरून ठेवलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे तू पाहिलं आहेस की तुझा अंदाज आहे?"

"अंदाज आहे. पण पहिला नमुना कपाटात आहे, तो कापून बघता येईल. कथील असेल तर दिसेल. आणि त्याच तारेने पाचवा बांधून बघता येईल. तो महिनाभर टिकला तर अंदाज राहणार नाही."

"मग कथलानेच धरू दे की तिथेही," सर म्हणाले. त्यांचा सूर चेष्टेचा होता, पण पूर्ण चेष्टेचा नव्हता. "टिकल्याशी मतलब."

"चार वेढ्यांतलं किती कथील, कुठे, कोणत्या बाजूने गेलं, हे आपल्याला माहीत नाही, सर. पेटी वाकडी उतरली तर ते जाणारही नाही. तिथे कुणी डेग उचलून उन्हात धरणार नाही."

"काय उचलून?"

"काही नाही. इथली गोष्ट आहे."

भात्याचा फुसफुसाट तिच्या मागे लयीत चालला होता. हैदरचाचा पुढची डेग भट्टीवर चढवत होते, आणि चढवण्याआधी ती त्यांनी सूर्याकडे धरली. मग तिची बाजू फिरवून पुन्हा धरली.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"ऑक्टोबरपासून."

"तीन महिने."

"हो."

"अनुपमा, तुझी नेमणूक एप्रिलमध्ये आहे." आता त्यांचा आवाज कामाचा झाला होता, रागावलेला नव्हता. "निबंध छापलेला आहे, तो परत घ्यायचा म्हणजे छापणाऱ्यांना पत्र, आराखडावाल्यांना पत्र, आमच्या समितीला पत्र. ते मी एका अंदाजावर करणार नाही. नमुना कापून बघू म्हणतेस, तर बघू, उन्हाळ्यात सावकाश बघू. तोपर्यंत सही होऊन जाईल, तुझंही होऊन जाईल. म्हणून मला आत्ता एवढंच कळू दे. हे तू मला सांगतेयस, की विचारतेयस?"

सुटायला जागा होती. ती त्यांनी मुद्दाम ठेवली होती आणि चांगल्या मनाने ठेवली होती. विचारतेय, असं म्हटलं असतं तर तो फोन एका शंकेचा झाला असता, आणि शंका उन्हाळ्यापर्यंत ठेवता आल्या असत्या. सोमवारी मात्र अदीबाने उठून माझाच हात चुकला असं म्हटलं असतं, आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं असतं.

अनुपमाने वाक्य लावायचा प्रयत्न केला नाही. ते आलं तेव्हा अंगणातल्या बोलीत आलं. आपण कसं बोलतोय हे तिला ऐकू आलं, आणि तिने ते बदललं नाही.

"सांगून राह्यली, सर. ते एकतीस दिवस कथलाचे होते. मी तो निकाल मागं घेऊन राह्यली."